तेराव्या अध्यायातलं कार्ड

करुणा,

मी एग्मोरला एडविनकडे चाललोय. फोन घरीच ठेवलाय, म्हणजे तुला मला परत बोलावता येणार नाही.

चूक माझीच. काल व्हॅलेंटाईनची कार्डं रंगवताना मी पोरांना सांगितलं, की बायबलातल्या प्रेमाच्या अध्यायात, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्यात, कार्ड ठेवलं की देवदूत ते पोचवतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी उत्तर आणतो. तुझ्या आईला मी असंच पटवलं, हेही ठोकून दिलं. योनाने शेजारच्या मांजरीला लिहिलं. रिबेकाने मात्र बापाला, एडविनलाच: ‘अप्पा, चार महिने झाले. आता तरी जेवायला या.’

सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतोय. एडविनसारखं अक्षर काढून उत्तर लिहून पाहिलं, पण पोरगी फसायची नाही. शेवटी देवदूताच्या जागी मीच बस पकडतोय.

पोरं साडेतीनला शाळेतून येतील, त्यांना गुलाबी केक दे. तुमच्या भांडणात मी पडत नाही. एवढंच कर, बेल वाजली की दार तू उघड, पोरांना पाठवू नकोस. मी एकटाच परतलो असलो, तर ते आधी तुला कळू दे.

— बाबा