नदीत मी पुढे, जीप मागे

अण्णा, परवा मी त्या वाटेनं गाडी नेली. रेणापूरकडच्या आपल्या गावातून माळावरच्या विहिरीपर्यंत जाणारी, तीनदा नदीत उतरणारी ती कच्ची वाट. आता पूल झालाय, त्या वाटेकडे कुणी फिरकत नाही. मी मुद्दाम गेले.

तुम्ही विसरला असाल, मला तो दुष्काळ लख्ख आठवतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, आता टँकर येणार म्हणून गाव खुशीत. टँकर काही आला नाही. तुमची जुनी जीप होती, तिच्यातून आपण त्या विहिरीचं पाणी ड्रम भरून गावाला आणायचो. नदीत पाणी घोटाभर, तेही पिण्याजोगं नाही, पण खालची रेती फसवी. म्हणून जीप घालण्याआधी कुणीतरी टाचेनं जमीन दाबत पुढे चालायचं आणि घट्ट जागी उभं राहायचं. ते काम कायम माझं, लेकीचं. स्टेअरिंग धाकट्या भावाच्या हातात, शेजारी तुम्ही. एकदा परतताना मी म्हणाले, "अण्णा, आज मी चालवते." तुम्ही हसलात. "सासरी काय जीप हाकायची हाय तुला? उतर, जमीन बघ." मी उतरते, परकर खोचते, घट्ट जागा शोधून उभी राहते. धाकटा माझ्या रोखानं येता येता घाबरून स्टेअरिंग फिरवतो. चाक रुततं, जीप कलते, ड्रम आडवे होतात. काठावर घागरी घेऊन थांबलेल्या बायकांसमोर तुम्ही माझ्यावर ओरडता, "नीट उभं बी ऱ्हाता येत न्हाई व्हय तुला?" त्याला चकार शब्द नाही. तुम्ही सगळं पाहिलं होतं, अण्णा. त्याच्या शेजारीच बसला होता.

धाकट्यानं आता पुण्यात ड्रायव्हर ठेवलाय. मी नांदेडहून एकटी गाडी घेऊन आले. परवा तिन्ही ठिकाणी पाणी होतं. पहिला गिअर टाकला, पाय ढिला केला नाही, मध्ये थांबले नाही. हे सगळं तुम्ही त्याला सांगायचात, ऐकत मी असायचे. शेवटचा काठ चढले तेव्हा फार आनंद झाला, आणि लगोलग तुमचा संताप आला, इतक्या वर्षांनी, नवाकोरा.

हे पत्र कुठे टाकणार? तरी एवढं लिहिते. तुम्ही हयात असता तर मी गाडी पाण्यात घातलीच नसती. चाळिशी उलटली तरी मी थांबून होते. ड्रायव्हिंगचा क्लास लावला तो तुमचं तेरावं झाल्यावर.