प्लग आधी काढायचा

बाई, आज खंडेनवमी. आपल्या दवाखान्यात अजूनही सुऱ्या-कात्र्यांबरोबर मशीनची पूजा होते, आणि मला दरवर्षी तुमचा हात आठवतो. तेव्हा तुम्ही वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, मी नुकती नोकरीला लागलेली. आमच्याकडे या दिवशी बाबा देवगडच्या बंदरावर होडीचं इंजिन बादलीभर पाण्यानं धुवायचे आणि मग हळदकुंकू लावायचे. तेच डोक्यात घेऊन मी सक्शन मशीन धुवायला घेतलं. पेशंटचा कफ, रक्त ओढणारं मशीन, ते लख्ख व्हायला नको? बटण बंद केलं, प्लग भिंतीतच ठेवला आणि तांब्या तिरपा केला. तुम्ही मागून येऊन स्टीलचा ट्रे माझ्या मनगटावर असा हाणलात, की तांब्या खाटेखाली गेला आणि मी किंचाळले. झोपलेले पेशंट उठून बसले.

"मरूक इलंस हंय? बटण बंद केला म्हणान करंट मेलो काय गो?" मला केसांना धरून भिंतीपाशी नेलंत आणि प्लग माझ्याच हातानं काढायला लावलात. "आधी ह्यो काढूचो. हातमोजे घाल. औषधाचो फडको घट्ट पिळ, मगे पूस. फटीत थेंब जाता नये. सुकल्याशिवाय प्लग लावचो नाय." मनगटातून रक्त येत होतं, तिकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. त्या दिवशी तुमचा गळा दाबावा असं मला वाटलं होतं. पुढे मात्र मी सगळ्यांना सांगत आले, की बाईंनी मला वाचवलं. दोन्ही खरं आहे.

आज सकाळी पूजेच्या आधी बघते तर नवी नर्स मॉनिटर पुसते आहे. प्लग लावलेला, आणि ओलाचिंब फडका ती मागच्या जाळीवर दाबते आहे, पाणी आत गळतंय. माझं डोकंच फिरलं. मी तिला ढकललं, प्लग उपटला, थोबाडीत दिली. तिचा ओठ फुटला, पांढऱ्या ड्रेसवर रक्त सांडलं. "माका मारूचो हक तुमका कोणी दिल्यान?" एवढं म्हणून ती गेली, उद्यापासून येणार नाही म्हणाली. पोरीचा हात हलका आहे, बाई. सुई टोचायची तर पेशंट तिलाच हाक मारतात. असं माणूस मी घालवलं.

दुपारी तिची आई तिला घेऊन आली. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तिनं माझे हात धरले. "सिस्टर, तुमी होतात म्हणान माझा चेडू वाचला. आजून दोन मारल्यात तरी चलात." पोर दाराशी उभी होती, सुजलेला ओठ रुमालानं दाबून, माझ्याकडे बघत. आणि मी मान डोलावली. मला माझीच किळस आली.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? उद्या तिच्या घरी जाऊन बोलायचं आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगून बघते. तुम्हाला ते समजेल. सगळे म्हणतात, जीव वाचवताना हात उठला. बाई, मी तिला मारलं तेव्हा प्लग काढून माझ्या हातात होता.