तळहातावरचा काळा थर

झाबेभाऊ,

यंदा सफरचंदांना कीड लागलीय. ते जाऊ दे.

त्या दिवशी आपण भांगेचे तुरे तळहातांत चोळत होतो. "लोत्या, सावकाश! आईचे पाय दाबतोस, तसं चोळ," तू हसून म्हणालास. दिवसभरात चरसाचा काळा थर जमला. खरवडला तरी डाग राहतोच आणि तो पाण्यानं निघत नाही, मोहरीचं तेलच लागतं. बाटलीत थोडंच होतं. मी सगळं लावलं आणि "सांडलं" म्हणालो.

पुलावर पोलीस म्हणाले, "हात दाखवा." माझे स्वच्छ निघाले, तुझे काळे.

"हा तुझा कोण रे?"

मी म्हणालो, "वाटेत भेटला."

माझ्याकडे न बघता तू म्हणालास, "हो साहेब, मीपण ओळखत नाही याला."

तुरुंगात भेटीच्या अर्जावर नातं लिहावं लागतं. तीनदा आलो, तिथंच अडून परत फिरलो.

लोतू