अम्मियाच्या मुक्तीसाठी

मी, बाताकेस, मूळचा फ्रिगियाचा, सध्या राहणार अफ्रोदिसियास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत सांगून लिहवून घेत आहे. ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे पुढे लिहितात. ते मी लेखनिकाला वगळायला लावले आहे.

तालमीचा मालक झेनास याने मला गुलाम म्हणून विकत घेतले. जाळे नि त्रिशूळ घेऊन मी त्याच्यासाठी रिंगणात लढलो. शेवटी प्रेक्षकांनीच ओरडून मला मुक्तीची लाकडी तलवार मिळवून दिली. बायको अम्मिया मात्र त्याची दासीच राहिली. पुढे तिला दिवस गेले. दासीच्या पोटचे मूल जन्मतःच मालकाचे गुलाम. मी झेनासचे पाय धरले. तो म्हणाला, “पाया कशाला पडतोस? उत्सवात एकदा रिंगणात उतर, तिला सोडतो. लोक अजून तुझं नाव काढतात.” मी देवीच्या देवळात उतरण्याची शपथ घेतली. आज सकाळी त्याच देवळात अम्मिया मुक्त झाली. उद्या मी उतरायचे आहे.

माझ्याविरुद्ध द्रोसोस लढणार आहे, मीच तयार केलेला. काल तो म्हणाला, “वस्ताद, तुम्ही मेलात तर मालक मला सोडणार आहे.”

“मग हात आखडू नकोस,” मी म्हटले. “मीही आखडणार नाही.”

त्याने जेवण तसेच टाकले. मी पडलो तर त्याला कोणी खुनी म्हणू नये.

राहती खोली आणि भांडीकुंडी अम्मियाची. लोकरी झगा वैद्य मेनिप्पोस याला. त्याने माझी मांडी शिवली होती. आज तो माझ्या नजरेला नजर देत नाही. तालमीच्या स्वयंपाक्याला काही देऊ नये. वर्षानुवर्षे त्याने आम्हाला पाणचट पेज घातली, आणि आज न मागता भाजलेले मांस पाठवले. दुपारी पाथरवट येऊन माझे नाव कसे लिहायचे ते विचारून गेला. कोणी पाठवले, ते बोलला नाही.

माझा वारस अम्मियाच्या पोटातले मूल. ते स्वतंत्र जन्मेल. मुलगा झाला तर त्याला तालमीच्या दारातही उभे करू नये.

अम्मियाने उजाडताच मावशीच्या गावी निघावे. झेनासने मुक्तीचा दाखला बघायला मागितला तरी हातात देऊ नये. रिंगणातून गलका ऐकू आला तरी मागे फिरू नये. जगलो तर मी येईनच. माझ्यासाठी दार उघडे ठेवू नये.

साक्षीदार: मेनिप्पोस, वैद्य. त्रोफिमोस, कुंभार.
ठिकाण: अफ्रोदिसियास. उत्सवाचा आदला दिवस.
बाताकेस याची निशाणी.

गुलामाची साक्ष चालत नाही, म्हणून द्रोसोसचे नाव वर नाही. लेखनिकाने हे मला वाचून दाखवले तेव्हा तो माझ्याशेजारीच बसला होता.