घणवीरचे डोळे

३ मे, लोहारा
आलो एकदाचा! धाराशिवहून जीपमध्ये चेंगरून आलो, पण मन लई खूश. शाळेला सुट्टी, चित्रकलेच्या मास्तराला आणखी काय पाहिजे? बेगमबी चाचींनी माडीवरची खोली दिली, भाडं घेणार न्हाईत म्हणाल्या. त्यांचे वारलेले नवरे वजीर पेंटर नव्वदच्या दशकात 'घणवीर' हे कॉमिक काढायचे. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव लावणाऱ्याच्या टाळक्यात घणवीर घण घालायचा. पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवून वाचायचो मी! आता कुणाला आठवतोय? शेवटचा अंक अर्धाच राहिला. ती पानं चाचींकडं आहेत, अन् ती पुरी करायला पुण्याच्या प्रकाशकानं मला धाडलंय.

५ मे
डोकं फिरलंय. छापील अंकांवर कुठंच वजीरचाचांचं नाव न्हाई! सगळीकडं प्रकाशकाच्या बापाचं. हातानं काढलेल्या मूळ पानांवर कोपऱ्यात चाचांची सही आहे, छापताना ती उडवली. हरामखोर! अन् चाचा मरेपर्यंत गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवत बसले.
चाची म्हणाल्या, ते आधी सही करायचे अन् मगच घणवीरचे डोळे भरायचे. ज्याचं नाव, त्याच्याकडंच तो बघतो म्हणायचे. शेवटच्या अंकाला सही करू नको असा प्रकाशकाचा निरोप आला, म्हणून डोळे कोरेच ठेवले. चाचींची एकच अट आहे. नाव त्यांचंच लाव बेटा, मग डोळे भर.

९ मे
फोनवर कडाक्याचं भांडलो. प्रकाशक म्हणतो, कोण वजीर? त्याला कोण ओळखतंय? तुमचं नाव टाका, न्हाईतर काम बंद. तोंडाला येईल ते बोललो त्याला.

१० मे
सही केली. माझी. त्या चोराच्या बापापेक्षा मी काय वाईट? राबतंय कोण? मीच ना! मग डोळे भरले. चाचींना सांगितलं न्हाई, उगीच कटकट.

११ मे
भर दुपारी ठण, ठण. खिडकीतून ओरडलो, झोपू देता का न्हाई! चाची वर आल्या. गल्लीतली लोहाराची भट्टी कवाच बंद पडली म्हणाल्या, त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. नाव लावलंस का त्यांचं, असं विचारलं. व्हय म्हणालो.

१२ मे
पानावर घणवीरचा घण खांद्यावर होता. शाई मीच फिरवलीय, खांद्यावरच होता! आज वर उचललेला. अन् डोळे माझ्याकडं. कोण खोड्या करतंय म्हणून चाचींवर डाफरलो. त्यांनी पान हातात घेतलं, सही बघितली. नुसतं नाव मागितलं होतं रे, एवढंच म्हणाल्या अन् रडत खाली गेल्या.

१३ मे
ब्लेडनं सही खरवडली. कागद फाटला. खालच्या पानावर माझंच नाव. त्याच्या खालीही — अरे, त्या पुण्याच्या चोराकडं जा की! मी एकटाच सापडलो का तुला — पण डोळे मी भरले —

१४ मे
पान कोरं. घणवीर पानात न्हाई.
जिन्यावर ठण — आणखी वर — चाची खालून ओरडतायत, लिही, त्यांचं नाव लिही — लिहितोय ना! — कडी तुटली —
हे सगळं काम वजी—