गळ्याचा फोटो नरसीपुरात

मंगळवार, दुकान बंद केल्यावर

नाव आहे, माप आहे, मागच्या गळ्याचा फोटो तेवढा नाही. नवरी शुक्रवारी ब्लाउज न्यायला येणार. गळा कापू तरी कसा?

गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फोटोंची सोय सुनेनं, श्वेतानं, हौसेनं केली. मापं डेटाबेसमध्ये, फोटो वेगळ्या फोल्डरात. नवा कंप्युटर आला तेव्हा डेटाबेस तेवढा आणला. फोल्डर जुन्यातच राहिलं, आणि जुना कंप्युटर तिच्या भावाकडे टी. नरसीपूरला.

"फोटो पण आतच का नाही ठेवलेस?"

"सगळं आत कोंबलं तर जड होतं, अम्मा."

"मी कापड, अस्तर, मापाचा ब्लाउज एकाच गाठोड्यात बांधते. कुठेही हलव, बरोबर जातं."

"म्हणून तर तुमच्या कपाटाचं दार लागत नाही."

लागत नाही, खरंच. हसू आलं मला, पण दाखवलं नाही. पोरगी दुपारपासून जेवली नव्हती, भावाला फोन करत बसलेली, तो उचलत नव्हता. आधी ताट वाढलं, मग फोटोचं परत विचारलं. अजून फोन लागलेला नाही म्हणाली.

भावानं सगळं पुसलं असेल तर? तो गळा मला आठवतच नाही.

श्वेता, ही ओळ तुझ्यासाठी: फोटो मिळतो की नवरीला फोन करून परत मागवू, गुरुवारी दुकान उघडायच्या आत सांग.