साक्षी काच

४ नोव्हेंबर
आले एकदाची! जळगावची मी, समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. आता खिडकी उघडली की समोर समुद्र. तारापूरजवळच्या नवापूरला जमनामावशीकडे खोली मिळाली. अंगणात बोंबील वाळत घातलेत. दुपारी त्या वासाने जीव नकोसा झाला आणि संध्याकाळी तेच बोंबील मी दोनदा मागून घेतले. मावशी हसून हसून लाल झाली.

तिचा नवरा, भिकाकाका, लहान होडी घेऊन एकटेच जातात. मी किनाऱ्यावर हात हलवत उभी राहिले तर मावशी रागावली. जात्या होडीकडं टक लावून बगायचं नाय म्हणे, पाठ फिरवायची, मंग माणूस माघारी येतो. मी मान डोलावली. पण मी पडले दाराचं कुलूप चारदा ओढून बघणारी बाई. न बघता मला चैन कुठली पडायला!

७ नोव्हेंबर
तारापूरचा आमचा कारखाना छोटा आहे, काम मात्र नाजूक. काचेवर धातूंच्या वाफांचे थर चढवायचे, की ती हवा तेवढाच रंग आरपार सोडते. सध्याचं काम पुण्याच्या उन्नती मॅडमचं. डोंगरावरच्या एका वेधशाळेत सगळ्यांच्या सामायिक वापराचा कॅमेरा आहे. त्याला जो आपला फिल्टर कायमचा देतो, त्याला दुर्बिणीच्या काही रात्री मिळतात. मॅडमना लाल रंगाची अगदी बारीक पट्टी हवी आहे. फिल्टर पास झाला की माझी नोकरी पक्की.

भट्टीत खऱ्या फिल्टरशेजारी नाण्याएवढी दुसरी काच ठेवतात. तिच्यावर तोच थर चढतो. तिला साक्षी म्हणतात. तपासण्या तिच्यावर करायच्या, खऱ्याला हात लावायचा नाही. हे सगळं भट्टी सांभाळणाऱ्या विश्रामदादांनी शिकवलं. सालवडहून सायकलवर येतात आणि दिवसभर माझी टिंगल करतात. मला फार आवडतात ते.

१२ नोव्हेंबर
फिल्टर पास झाला, वेधशाळेत पोचला, आणि पहिल्याच खेपेला! काल मी साक्षी काच खिशात घालून घरी आणली आणि मावशीपुढे मिरवली. डोळ्यांना दिसत नाही ते हिच्यातून दिसतं, असं ऐटीत सांगितलं.

आज सकाळी काका निघाले तेव्हा मावशीने पाठ फिरवली. मी काच डोळ्याला लावली. समुद्र लाल, सुरूची झाडं लाल, होडीही दिसली. काका दिसले नाहीत. वल्ही आपली आपण हलत होती. काच काढली तर काका होडीत बसलेले. पुन्हा लावली, बराच वेळ पाहिलं. नव्हते.

कारखान्यात काच पुन्हा तपासली. दोष नाही.

१३ नोव्हेंबर
काकांची होडी मुरबे गावच्या किनाऱ्याला लागली. रिकामी. जाळं अर्धं ओढलेलं, भाकरी फडक्यात तशीच. मावशी रडली नाही. एवढंच विचारलं, तू पाठ फिरवलीस ना गो? मी हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर
योगायोग असेल. असायलाच हवा. खात्री करायची म्हणून आज काच डोळ्याला लावून विश्रामदादांकडे पाहिलं, क्षणभरच. खुर्ची दिसली. चहाचा कप हवेत वर गेला, तिरका झाला, खाली आला. दादा विचारत होते, काय गं पूर्वी, भूत बघितलंस का?

१६ नोव्हेंबर
दादा आले नाहीत. दुपारी त्यांची बायको प्रेमला गेटवर आली. सकाळी न्हायला गेले म्हणाली. नळ चालू, टॉवेल खुंटीवर, कडी आतून. माणूस नाय.

मी केलं हे. बघून बघून मीच केलं.

१७ नोव्हेंबर
उन्नती मॅडमना फोन केला, फिल्टर काढा म्हटलं. कारण विचारलं. काय सांगू? माझ्याकडे फक्त तपासणीचा निर्दोष आलेख आहे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, बसवलाही, सगळे वापरताहेत. आम्ही माणसं थोडीच बघतो? आम्ही तारे बघतो.

तारे तरी —

१८ नोव्हेंबर
काच फोडायची ठरवली. खिसा रिकामा. पर्स, उशी, गादी — चारदा पाहिलं. मग आठवलं, काल मावशीने माझे कपडे धुतले.

खिडकीतून दिसतेय ती. वाळूत उभी. काच डोळ्याला. भिकाकाकांना शोधतेय. दुपारपासून समुद्रावर टक लावून —

नवापूरच्या होड्या अजून आल्या नाहीत. एकही नाही.

हाका मारल्या. वळली. काच डोळ्याला तशीच. घराकडे येतेय. मी दार लावलं. ती खिडकीशी —

म्हणतेय, खाट हाय, वही हाय, पेन एकटंच हालतंय. पूर्वी, तू कुठं हायस गो?

मावशी पाठ फिरव. पाठ फि